पाहिलं म्हणजे पटलं नव्हे

खानदेशात मालिका गप्प बसून कोणी पाहत नाही. जळगावातला फ्लॅट असो, धुळ्यातली चाळ असो की रावेरकडचं शेतकऱ्याचं घर, पडद्यावर जेवढं बोलणं चालतं तेवढंच समोरही चालतं. सासूला चार शब्द सुनावून सून खोलीबाहेर पडली की आजी म्हणते, 'आते हिले अक्कल उनी.' कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात नायक शेतातून बाहेर आला, आणि पायाला चिखलाचा ठिपकाही नाही, की आजोबा विचारतात, 'असं कोठे ऱ्हास का?' कॉलेजात जाणारी नात मोबाइलवरची नजर न काढता एका शब्दात निकाल देते: 'बोअर!' आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तीच वाहिनी लागते.

हे बोलणं सहसा गमतीनं घेतलं जातं. माझ्या मते ती समीक्षा आहे. तिला समीक्षेची भाषा नसेल, पण निकष आहेत. आणि आपल्या करमणुकीचा सगळा व्यवहार या समीक्षेकडे पाठ करून चालतो. टीव्ही चालू होता याची नोंद होते, घर त्यावर काय म्हणालं याची होत नाही. ज्यानं पाहिलं त्याला ते पटलं, असं धरून पुढची मालिका लिहिली जाते, आणि ती पुन्हा त्याच घरात येते.

ही नोंद कशी होते ते आधी पाहू. 'बार्क' ही संस्था 2015 पासून देशभरातल्या टीव्ही पाहण्याचे आकडे देते. निवडलेल्या घरांमध्ये मीटर बसवलेलं असतं. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते, त्यावरून मीटर वाहिनी ओळखतं. घरातल्या प्रत्येकाला आपापलं बटण असतं. टीव्हीसमोर बसताना ते दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. केंद्र सरकारनं 2025 मध्ये या मोजणीचे नियम बदलण्यासाठी मसुदा काढला. त्यात म्हटलं होतं की देशात टीव्ही असलेली घरं सुमारे 23 कोटी आहेत आणि मीटर सुमारे 58,000, म्हणजे 0.025 टक्के. दर चार हजार घरांमागे एक घर साऱ्यांच्या वतीनं टीव्ही पाहतं. 2011च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून 62 लाखांच्या वर होती. देशाची सरासरी लावली तर इथल्या वाट्याला फार तर दोन-तीनशे मीटर यावीत.

मीटर थोडी आहेत ही माझी तक्रार नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, फक्त शीत इमानदारीनं उचललेलं हवं. तक्रार आहे ती विचारलेल्या प्रश्नाबद्दल. मीटर 'किती वेळ?' एवढंच विचारतं, 'कसं वाटलं?' हे विचारत नाही. रात्री साडेआठला आजी मालिकेला नावं ठेवत समोर बसलेली आहे, सून भाकरी थापता थापता नुसतं ऐकते आहे, मुलगा ताट संपेपर्यंत बसला आहे. बटणं तिघांचीही दाबलेली आहेत. मीटरच्या लेखी हे तीन प्रेक्षक. आठवड्याचे आकडे वाहिनीच्या बैठकीत पोचेपर्यंत या तीन प्रेक्षकांचे तीन चाहते झालेले असतात.

रोजच्या मालिकेचं लेखन या साप्ताहिक आकड्यावर हलतं. आकडा खाली आला की कुणाचा तरी अपघात होतो, कुणाची तरी स्मृती जाते, मेलेली जाऊ परत येते. भाकरी थापणाऱ्या सुनेचे डोळे पडद्यावर नसतात हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून प्रत्येक धक्क्याला ढोल वाजतो, एकच थप्पड तीन बाजूंनी दिसते आणि काल घडलेलं आज पात्रं एकमेकांना सांगत बसतात. मालिकांची जी कृत्रिमता आपल्याला खटकते, तिच्यातली बरीचशी आपल्या पाहण्याच्या सवयींची नेमकी मापं घेऊन शिवलेली आहे. मापं बिनचूक घेतली, कपडा आवडला का ते कुणी विचारलं नाही.

नेहमीच असं होतं असं नाही. 1984 साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलायला येत, त्यांच्या पत्रांचा उल्लेख करत. 156 भागांच्या त्या मालिकेला सुमारे चार लाख पत्रं आली, असं तिच्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे. 1988 मध्ये 'रामायण' रामाच्या राज्याभिषेकाशी थांबणार म्हटल्यावर उत्तरेत सफाई कामगार संपावर गेले. वाल्मीकींना आपलं मानणाऱ्या त्या समाजाला लव-कुशाची कथा हवी होती, आणि पुढे ती झालीही. प्रेक्षकाचं मत पडद्यापर्यंत पोचण्याचे रस्ते तेव्हा थोडे होते, पण जे पोचायचं ते वाक्य होऊन पोचायचं.

पत्रांच्या जमान्याचा मोठेपणा गाण्याचा माझा हेतू नाही. पत्र लिहायला अक्षरओळख लागे, उसंत लागे आणि आपलं म्हणणं कुणी वाचेल असा भरवसा लागे. खेड्यातल्या बहुतेक बायकांजवळ यातलं काहीच नव्हतं. चार लाख पत्रांत त्यांची किती असतील याचा अंदाज कुणालाही करता येईल. पण पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावरही 'आवडलं नाही' एवढं लिहून भागत नसे, पुढे 'कारण' लिहावं लागे. नंतरच्या सगळ्या व्यवस्थांनी हे कारण गाळून टाकलं. पत्राच्या जागी आधी आकडा आला, मग तारे, मग वर-खाली केलेला अंगठा. मत देणाऱ्यांची संख्या अफाट वाढली आणि प्रत्येक मतातला मजकूर शून्यावर आला.

घरातल्या बोलण्यात मात्र हा मजकूर अजून शिल्लक आहे. नीट कान दिला तर त्यात चार कसोट्या सापडतात. पहिली शक्यतेची, म्हणजे 'असं कोठे ऱ्हास का?' ज्यानं उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या झळा सोसत केळीला पाणी दिलं आहे, वीज रात्रीची असते म्हणून मध्यरात्री मोटार चालू करायला जो शेतात गेला आहे, त्याला मालिकेतली शेती एका नजरेत कळते. कपाशीचा भाव पडल्यावर घरात कशी शांतता पसरते हे त्याला माहीत आहे. दहा भाग झाले तरी ज्या शेतकऱ्याच्या घरात कर्जाचा, बियाण्याचा, पावसाचा विषय निघत नाही, त्या घराबद्दल तो म्हणतो, 'बठ्ठं खोटं शे.' वास्तववादावर पानंच्या पानं लिहिणाऱ्यालाही याहून वेगळं काही सांगायचं नसतं.

दुसरी कसोटी वागण्याची. तिनं घर सोडायला हवं होतं का? त्यानं आईपासून ते का लपवलं? अशा प्रश्नांना समीक्षक भाबडे म्हणतात. प्रेक्षक पात्रांना खरी माणसं समजतो, कलाकृती म्हणून बघत नाही, अशी त्यांची कुरकुर असते. मला ती पटत नाही. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'मध्ये 1982 साली स्मिता पाटीलनं लहान मुलीला घरी ठेवून सुधारगृहाच्या नोकरीवर जाणारी सुलभा उभी केली. शिरपूरच्या पाटील घराण्याच्या या लेकीचा हा चित्रपट ज्या घरांत पाहिला गेला, त्या घरांत छायाचित्रणावर चर्चा रंगली नसेल. आईनं असं जावं का, यावरच वाद झाला असेल. चित्रपट त्या वादासाठीच तर बनला होता. 2019 ते 2024 अशी पाच वर्षं चाललेल्या 'आई कुठे काय करते'मधल्या अरुंधतीनं घटस्फोट घेतला, पुन्हा लग्न केलं, तेव्हाही हेच झालं. ज्या घरात 'घटस्फोट' हा शब्द हळू आवाजात उच्चारला जातो, तिथे सासू, सून आणि माहेरी आलेली लेक तिघी मिळून त्यावर उघड बोलल्या. बोलणं अरुंधतीबद्दल होतं म्हणून ते शक्य झालं. दुसऱ्याच्या नावानं आपल्या घरातले प्रश्न मांडण्याची सोय कथेनं माणसाला पहिल्यापासून दिलेली आहे. कीर्तनानं दिली, खानदेशातल्या वहीगायनानं दिली. ती वापरणारा प्रेक्षक भाबडा नाही, कथेचं मूळ काम त्याला समजलेलं आहे.

तिसरी कसोटी अभिनयाची, आणि तिच्याबद्दल फार सांगण्याची गरज नाही. कोण खरं रडतं आणि कोण ग्लिसरीनचं, हे घराघरात कळतं. चौथी वेळेची. 'आज काहीच झालं नाही' ही तक्रार जितकी सामान्य, तितकीच अचूक. 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली आणि तीन हजारांहून अधिक भागांची झाली. एवढ्या लांबीत कथा नावाची वस्तू टिकते का, हा रचनेचा गंभीर प्रश्न आहे. तो विचारला घरानं. मराठी समीक्षेनं तो विचारण्याच्या लायकीचाही मानला नाही.

आता यावरचा सरळ आक्षेप: इतकं खटकतं तर बघता कशाला? रिमोट तुमच्याच हातात आहे ना? वाहिनीवाले हेच म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण त्यात गृहीत आहे की पाहणारा फक्त मालिकेसाठी पाहतो. घरात टीव्ही एक, माणसं पाच. रिमोट ज्याच्या हातात असतो त्याच्या हातात घरातली इतर सूत्रंही असतात. जेवणाची वेळ ठरलेली, म्हणून त्या वेळेची मालिकाही ठरलेली. मुलगा सुरतेला कामाला, लेक पुण्याला, घरात एकटी आई. ती जी मालिका बघते तीच लेकही तिकडे बघते आणि रात्री फोनवर दोघी त्या मालिकेची सालटी काढतात. या आईला मालिका आवडत नाही, लेकीशी बोलायला मिळालेला रोजचा विषय आवडतो. तिनं मालिकेच्या दारातून सोबत आत घेतली. मीटरनं मात्र तो अर्धा तास मालिकेच्या खात्यात जमा केला.

परदेशातला एक अनुभव इथे उपयोगाचा आहे. नेटफ्लिक्सनं 2017 मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत काढून टाकली आणि अंगठा आणला. लोक गंभीर माहितीपटाला पाच तारे देत आणि रात्री बघत मात्र हलकाफुलका विनोद, असं कंपनीच्या ध्यानात आलं होतं. तिनं निष्कर्ष काढला की माणूस बोलतो ते दिखाऊ, करतो ते खरं. मला दोन्ही खरं वाटतं. थकून आल्यावर माणसाला जे चालतं ती त्याची एक इच्छा. आपल्यासमोर काय यावं, आपल्या मुलांनी काय पाहावं, ही त्याची दुसरी इच्छा. पहिली वागण्यातून कळते, दुसरी बोलल्याशिवाय कळत नाही. दुसरीला ढोंग ठरवणारी व्यवस्था माणसाला त्याच्या थकव्याएवढाच मानते.

वाहिन्यांना खलनायक ठरवलं की सुटलो, असंही नाही. एका मालिकेवर शेकडो घरं चालतात. रोज बावीस मिनिटं नवं काही तयार करणं हे घाण्याला जुंपून घेण्यासारखं काम आहे. आकडा नको म्हटलं तर निर्णय कुणी करायचा? मुंबई-पुण्याच्या चार जाणकारांनी? त्यांनी तर टीव्हीकडे कधी वळूनही पाहिलं नाही. वर्तमानपत्रात दर आठवड्याला नव्या चित्रपटाचं परीक्षण येतं. पण वर्षानुवर्षं रोज लाखो घरांत शिरणाऱ्या मालिकेवर गंभीरपणे लिहिलेलं किती सापडतं? बाजार या प्रेक्षकाला मोजतो पण त्याचं ऐकत नाही, आणि जाणकार तर त्याला मोजतही नाहीत.

खानदेशच्या बाबतीत याला भाषेचीही बाजू आहे. 'रात्रीस खेळ चाले'नं मालवणी घराघरात नेली. 'तुझ्यात जीव रंगला'मुळे कोल्हापूरचा आणि 'लागिरं झालं जी'मुळे साताऱ्याचा बोलण्याचा बाज महाराष्ट्राच्या कानाला सवयीचा झाला. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका नागपूरहून आली. 2011च्या जनगणनेत खानदेशी म्हणून नोंदवलेल्या भाषेचे बोलणारे 18 लाखांच्या वर होते आणि त्यांतले बहुतेक अहिराणीचे. पूर्वेकडे लेवा बोली आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि भिली आहेत. या लोकांना आपल्या बोलीत भांडणारं, रडणारं, लग्न मोडणारं असं ठसठशीत घर टीव्हीनं अजून दिलेलं नाही. 'आमचं काही दाखवत नाहीत' हेही एक मत आहे, आणि ते कुठल्याच मीटरमध्ये उमटणार नाही. जे पडद्यावर नाहीच त्याला न बघणाऱ्यांची मोजणी कशी होणार?

हे मत इथल्या माणसांनी दुसऱ्या वाटेनं मांडलं. जिल्हा नाशिकचा असला तरी मालेगाव हा खानदेशाचा उंबरठाच. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखनं 2000च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. त्या सिनेमावेडावर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि 2025 मध्ये रीमा कागतींचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत आला. मधल्या काळात मालेगावच्या विनोदी सीडी खेड्यापाड्यांत पोचल्या, 'खानदेश'चं नाव लावून ठेंगणा विनोदवीर छोटू दादा यूट्यूबवर कोट्यवधी लोकांनी पाहिला, 'हाई झुमकावाली पोर'सारखी अहिराणी गाणी मुंबई-पुण्याच्या लग्नांत वाजली. मोठ्या पडद्यानं आपल्याला वगळलं, यावर प्रेक्षकानं दिलेलं हे सर्वांत रोखठोक मत होतं. त्यानं तक्रारअर्ज लिहिला नाही, कॅमेरा उचलला.

पण त्यापुढचं आपण सांगत नाही. या व्हिडिओंनाही त्याच मोजणीनं गाठलं. 'किती वेळा पाहिलं' हाच इथेही एकमेव निकष. एक विनोद चालला की त्याच विनोदाचे पन्नास व्हिडिओ, एक चाल गाजली की तिच्याच पाच आवृत्त्या. ठेंगण्या माणसाच्या शरीरावर आणि भांडखोर बायकोवर किती काळ हसायचं, हा प्रश्न अहिराणीतून अहिराणी व्हिडिओला कुणी विचारत नाही. आपली माणसं, आपली बोली म्हणून आपण सगळंच खपवून घेतो. आपलं पडद्यावर यावं ही मागणी पुरी झाली की तिथेच थांबणं म्हणजे वाहिन्यांचीच चूक आपल्या घरी करणं. ज्या बोलीत नाटक, गाणं, विनोद होतो, पण त्यावर टीका होत नाही, ती बोली वाढत नाही. फक्त वाजत राहते.

घरच्या मतातही खोट आहे, आणि ती झाकू नये. घरात मत मांडायला सगळ्यांना सारखी मुभा नसते. बाप बोलला की चर्चा संपते, आणि सुनेचं खरं मत दुसऱ्या दिवशी शेजारणीजवळ निघतं. आता प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आल्यापासून तर एका कथेवर पाच जण भांडत नाहीत, पाच जण पाच कथा बघतात आणि एकमेकांशी काहीच बोलत नाहीत. त्याहून मोठी खोट म्हणजे न पाहता दिलेलं मत. चित्रपट यायच्या आधी त्याचा निकाल व्हॉट्सॲपवर येतो. हा आपल्या बाजूचा, तो त्यांच्या बाजूचा. मग न पाहिलेल्या चित्रपटाला कुणी दहापैकी दहा देतं, कुणी दहापैकी एक, आणि कुणाच्या तरी भावना दुखावल्या म्हणून बंदीची मागणी होते. मीटरजवळ मताशिवाय पाहणं आहे, या गर्दीजवळ पाहिल्याशिवाय मत आहे. घरातली आजी या दोघांच्या पुढे आहे ती एवढ्यासाठीच की तिनं पाहिलेलंही असतं आणि तिच्याजवळ कारणही असतं.

मग करायचं काय? बोललेलं लिहून ठेवायला सुरुवात करायची. खानदेशाला याचं महत्त्व इतर कुणी समजावून सांगायला नको. आसोद्यात जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता त्या जे म्हणत ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरातल्या इतर मुलांनी टिपून ठेवलं. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं 1952 मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली. घरात बोललेलं कुणीतरी गंभीरपणे घेतलं म्हणून मराठीला बहिणाबाई मिळाल्या. टीव्हीसमोरचं प्रत्येक वाक्य त्या तोलाचं असतं असा माझा दावा नाही. पण तोलाचं काय आणि वायफळ काय, हे टिपल्याशिवाय ठरणार नाही.

जळगावच्या विद्यापीठाला आज बहिणाबाईंचंच नाव आहे. तिथल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातलं मालिकेवरचं एका महिन्याचं बोलणं, बोलीत जसंच्या तसं, उतरवून त्यातले निकष शोधले तर तो प्रबंध दहा छापील सिद्धांतांपेक्षा उपयोगाचा होईल. जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय यांसारख्या ठिकाणी पुस्तकांवर चर्चा होतात, तशी महिन्यातून एक संध्याकाळ मालिकेला आणि अहिराणी व्हिडिओला द्यावी. बोलणाऱ्याला अट एकच: 'आवडलं' किंवा 'नाही आवडलं' याच्यापुढे 'कारण' जोडायचं. स्थानिक दैनिकांनी वाढदिवसांच्या शुभेच्छांमधून चार बोटं जागा काढून ती कारणं छापावीत, बोलीतच छापावीत. वाहिन्या ती वाचतील की नाही ते त्यांचं त्या जाणोत. लिहिणारी नवी मुलं नक्की वाचतील, आणि उद्याच्या मालिका, उद्याचे व्हिडिओ त्यांनाच लिहायचे आहेत.

प्रेक्षक सुधारला की मालिका सुधारतील, की मालिका सुधारल्या की प्रेक्षक, हा वाद कोंबडी-अंड्याचा म्हणून सोडून दिला जातो. मला तो तसा वाटत नाही. प्रेक्षकाची पारख घरात आधीच तयार आहे, तिला फक्त चारचौघांत उभं राहून बोलण्याची सवय नाही. ती सवय लागेपर्यंत आपल्या वतीनं आपली बटणंच बोलत राहतील, आणि ती नेहमी एकच उत्तर देतील: चालू होता.